आठ बिट की बत्तीस? आधी रॅम मोजा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

दोघा भागीदारांचा छोटा उद्योग आहे. औषधांच्या फ्रिजमधलं तापमान सतत नोंदवणारं आणि ते २ ते ८ अंश सेल्सिअसच्या बाहेर गेलं की भोंगा वाजवणारं उपकरण ते बनवतात. वर्षाला साधारण २५० नग जातात. आत एटीमेगा ३२८पी हा ८ बिटांचा मायक्रोकंट्रोलर (उपकरण चालवणारी संगणक-चिप), एक एसडी कार्ड आणि १२८ बाय ६४ ठिपक्यांचा छोटा डिस्प्ले आहे. फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरलेला प्रोग्राम, आर्डुइनो या लोकप्रिय व्यासपीठाच्या लायब्ररी (तयार कोडचे संच) वापरून लिहिलंय. डिस्प्लेवर आलेख दाखवायला लागल्यापासून काही नग मधूनच आपोआप रीसेट होतात आणि नोंदींत खंड पडतो. एक अनुभवी मित्र म्हणतो, ८ बिटांचा जमाना गेला, कॉर्टेक्स-एम (आर्म कंपनीने रचलेला ३२ बिटांचा गाभा) घ्या. दुसऱ्या भागीदाराला ईएसपी३२ (वाय-फाय आतच असलेला मायक्रोकंट्रोलर) हवा, कारण ग्राहक वाय-फाय मागू लागलेत. सोबतचा तरुण इंजिनिअर म्हणतो, पुढचा काळ रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेचा आहे. पुढची आवृत्ती पेन्सिल सेलवर वर्षभर चालावी असंही मनात आहे. २५० नगांची ऑर्डर चार महिन्यांत पुरी करायची आहे. आर्किटेक्चर म्हणजे चिपच्या गाभ्याची मूळ रचना. त्यांचा प्रश्न: "पुढची दहा वर्षं पुन्हा बदलावं लागणार नाही, असं एकच आर्किटेक्चर सांगा."

उत्तर

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. हातातलं उपकरण रीसेट का होतं, हा एक. पुढे कुठली चिप घ्यायची, हा दुसरा. पहिला तसाच ठेवून दुसऱ्याच्या मागे लागलात, तर चिप नवी, बोर्ड नवा, लायब्ररी नव्या आणि दोष मात्र जुनाच, असं होऊ शकतं. तेव्हा तो शोधणं आजच्यापेक्षा जड जाईल, कारण नव्या चिपवर तुमचा हात बसलेला नसेल. म्हणून आधी पहिला प्रश्न घेऊ.

एटीमेगा ३२८पीची रॅम २ किलोबाइट, म्हणजे २,०४८ बाइट. एसडी कार्डाचा एक सेक्टर ५१२ बाइटांचा, आणि लायब्ररी तेवढा बफर (तात्पुरत्या साठवणीची जागा) रॅममध्ये धरून बसते. १२८ बाय ६४ ठिपक्यांचं अख्खं चित्र रॅममध्ये ठेवायचं तर १,०२४ बाइट लागतात. आलेख काढायला लागल्यापासून तुम्ही बहुधा तेच करताय. दोन्ही मिळून झाले १,५३६. उरले ५१२. सेन्सरची लायब्ररी, सिरियल पोर्टचे बफर, आलेखासाठी साठवलेली जुनी रीडिंग, तुमचे ग्लोबल व्हेरिएबल हे सगळं त्या ५१२ बाइटांत, आणि त्यातून जे उरेल ते स्टॅकला, म्हणजे फंक्शन चालताना लागणाऱ्या तात्पुरत्या जागेला. कंपायलर शेवटी रॅमच्या वापराचा जो आकडा दाखवतो त्यात स्टॅक धरलेला नसतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ८० टक्के वापर दिसला की आपण निश्चिंत होतो. मग एखाद्या दिवशी फाइल उघडण्याच्या खोल फंक्शनमध्ये असतानाच इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारा हार्डवेअरचा संकेत) येतो, स्टॅक खाली सरकत तुमच्या व्हेरिएबलांवर चढतो, आणि परतीचा पत्ता बिघडला की प्रोग्राम भलतीकडेच उडी मारतो.

यात एआव्हीआरच्या, म्हणजे तुमची एटीमेगा ज्या कुळातली त्याच्या, रचनेची एक खरीखुरी अडचण आहे. तिथे प्रोग्रामची मेमरी आणि डेटाची मेमरी वेगवेगळ्या आहेत. "कार्ड सापडलं नाही" यासारखा संदेश तुम्ही कोडमध्ये साधा लिहिलात, तर तो फ्लॅशमध्ये (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीत) असतोच, शिवाय चिप सुरू होताना रॅममध्येही उतरवला जातो. असे वीस-पंचवीस संदेश म्हणजे चार-पाचशे बाइट सहज गेले. आर्डुइनोत प्रत्येक संदेशाभोवती 'एफ' मॅक्रो लावला की तो फ्लॅशमध्येच राहतो. कॉर्टेक्स-एमवर 'कॉन्स्ट' म्हटलेला डेटा फ्लॅशमधून थेट वाचता येतो, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. आर्किटेक्चरचा फरक रोजच्या कामात जाणवतो तो अशा ठिकाणी.

हा अंदाज खरा की खोटा ते ठरवायला फार तर एक-दोन दिवस लागतील. सुरुवातीलाच रिकामी रॅम एका ठरावीक बाइटने भरून टाका, उपकरण दोन दिवस आलेख, नोंदी, भोंगा सगळं चालू ठेवून पळवा, आणि मग तो बाइट किती जागी शाबूत राहिला ते मोजा. शंभर बाइटसुद्धा उरले नसतील तर चोर सापडला. सोबत दर वेळी सुरू होताना रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर वाचा आणि वाचून झालं की शून्य करा, नाहीतर जुने बिट तसेच राहतात. वीज खाली गेली, वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा टाइमर) चावला, रीसेटची पिन ओढली गेली, यातलं काय झालं ते चिप स्वतः सांगते. यांपैकी एकही बिट उभा नसेल, तर प्रोग्रामच भरकटून शून्य पत्त्यावर पोचला असं समजा. मात्र आर्डुइनोचा बूटलोडर (चिप सुरू होताना सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम) हे रजिस्टर तुमच्याआधी पुसून टाकू शकतो, म्हणून या चाचणीपुरता प्रोग्राम बूटलोडरविना, प्रोग्रामरने थेट भरा. वीज खाली गेल्याचा बिट दिसला तर संशय एसडी कार्डावर घ्या. लिहिताना ते शंभर मिलिअँपच्या घरातले झटके घेऊ शकतं, आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर किंवा त्याच्या जवळचा कपॅसिटर तोकडा असेल तर व्होल्टेज क्षणभर बसतं. रीसेट किंवा गोंधळ दर ४९-५० दिवसांनी होत असेल तर तिसरीकडे बघा. ३२ बिटांचा मिलिसेकंदांचा काउंटर ४९.७ दिवसांत पूर्ण फिरून शून्यावर येतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही 'एकच आर्किटेक्चर' मागताय त्यामागे एक समजूत आहे, की आर्किटेक्चर कालबाह्य होतं आणि त्याच्यासोबत उत्पादनही बुडतं. प्रत्यक्षात आर्किटेक्चर फार चिवट असतात. इंटेलने ८०५१ बाजारात आणला १९८० साली. स्वतः इंटेलने तो बनवणं केव्हाच थांबवलं, पण त्या धाटणीच्या चिप इतर कंपन्या आजही नव्याने काढतात. एआव्हीआर १९९० च्या दशकात नॉर्वेतल्या दोन विद्यार्थ्यांच्या कामातून उभा राहिला, अॅटमेलने तो बाजारात आणला, २०१६ साली अॅटमेलच मायक्रोचिपने घेतली, आणि त्यानंतरही एआव्हीआरच्या नव्या मालिका आल्या. जे थांबतं ते विशिष्ट पार्ट नंबर, विशिष्ट पॅकेज. आणि जे मिळेनासं होतं तेही तेच. २०२१ च्या टंचाईत कॉर्टेक्स-एमच्या अगदी लोकप्रिय चिपसाठी पुरवठ्याच्या तारखा वर्षभर पुढे गेल्या. त्यांचं आर्किटेक्चर सर्वांत आधुनिक आणि सर्वांत पसरलेलं होतं, त्याचा रांगेत शेवटी उभ्या असलेल्या लहान उत्पादकाला काही उपयोग झाला नाही.

तेव्हा दहा वर्षांची काळजी असेल तर विचारायचं ते असं: ही कंपनी या पार्टच्या उपलब्धतेची किती वर्षांची हमी जाहीर करते? याच पायांच्या रचनेत, कमी-जास्त मेमरीच्या आणखी किती चिप आहेत? एक मिळाली नाही तर दुसरी त्याच बोर्डावर बसेल का? अनेक मोठ्या कंपन्या दहा किंवा त्याहून अधिक वर्षांची हमी देतात आणि यादी दरवर्षी ताजी करतात. ती यादी उघडून नेमका पार्ट नंबर त्यात आहे का ते बघा, मालिकेचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. आणि घ्याल ते अधिकृत वितरकाकडूनच. एसटीएम३२एफ१०३ या चिपच्या इतक्या नकला फिरतात, की स्वस्त विकास-बोर्डांवर वर छापलेलं नाव आणि आतली चिप यांचा मेळ असेलच असं नाही. वर्षाला २५० नग म्हणजे चिपच्या एक-दोन रीळांपेक्षाही कमी. वर्ष-दीड वर्षाचा साठा एकदमच घेऊन ठेवणं तुम्हाला परवडतं, मोठ्या उत्पादकाला ते जमत नाही. साठा सीलबंद पिशवीतच ठेवा. आर्द्रतेची पातळी ३ असलेली चिप पिशवीबाहेर काढल्यावर १६८ तासांच्या आत बोर्डावर लागायला हवी, नाहीतर आधी भाजून कोरडी करावी लागते.

दुसरी समजूत किमतीची. तुमच्या मूळ पत्रात (वरच्या सारांशात तो भाग गाळलाय) तीन ठिकाणी 'अमुक चिप इतकी स्वस्त आहे' असं आलंय. लाखांत नग काढणाऱ्यासाठी तो मुद्दा जीवनमरणाचा असतो. तुमच्यासाठी हिशेब असा करा: एका नगामागे चिपवर जेवढं वाचेल त्याला २५० ने गुणा, आणि तुमच्या एका तासाच्या कामाची जी किंमत तुम्ही धरता तिने भागा. जो आकडा येईल तेवढे तास. तेवढ्या तासांत नवी चिप शिकून, ड्रायव्हर लिहून, बोर्ड बदलून, चाचण्या पुन्हा करून होणार आहे का? लहान उत्पादकाच्या बाबतीत उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' येतं. तुमच्याकडे सगळ्यात महाग वस्तू तुमचा वेळ आहे. त्याच्या खालोखाल महाग आहे ग्राहकाच्या जागी जाऊन बिघडलेला नग परत आणणं.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही लावायचा. डेव्हलपमेंट चालू असताना फ्लॅश-रॅम काटकसरीने घेऊ नका. त्या पॅकेजमधली सर्वांत मोठ्या मेमरीची चिप पहिल्या खेपेला लावा. पुढे गरज कमी आहे असं दिसलं तर धाकटी बसवता येते. तोकड्या मेमरीत कोड कोंबण्यात गेलेले आठवडे मात्र परत येत नाहीत.

आता तिघांच्या सूचना एकेक करून.

मित्र कॉर्टेक्स-एम सुचवतो त्यात तथ्य आहे, पण 'जमाना गेला' हे कारण मला पटत नाही. त्याहून चांगली कारणं आहेत. तुमचं एसडी कार्ड ३.३ व्होल्टचं आहे, आजचे बहुतेक नवे सेन्सर ३.३ व्होल्टचे आहेत, तेव्हा ५ व्होल्टच्या चिपसोबत पातळी बदलण्याचा खटाटोप तुम्ही आत्ताच करताय. कॉर्टेक्स-एमच्या मधल्या चिपांतही रॅम दहा-वीसपट मिळते. उदाहरणार्थ एसटीएम३२जी०७१ मध्ये ३६ किलोबाइट आहे, आणि तो कॉर्टेक्स-एम०+ म्हणजे धाकट्या फळीतलाच. दोन तारांच्या एसडब्ल्यूडी डिबगरने चालत्या प्रोग्रामला मधेच थांबवून प्रत्येक व्हेरिएबल बघता येतो. जे आर्डुइनोच्या सिरियल मॉनिटरवर ओळी छापून दोष शोधत आलेत, त्यांच्या कामात एवढ्या एका गोष्टीने मोठा फरक पडतो.

शिवाय एक फायदा दिसत नाही पण मोलाचा आहे. ८ बिटांची चिप ३२ बिटांचा काउंटर चार हप्त्यांत वाचते. समजा काउंटरमध्ये ६५,५३५ आहेत. खालचे दोन बाइट वाचून झाले, दोन्ही पूर्ण भरलेले. नेमका तेव्हा टाइमरचा इंटरप्ट आला आणि काउंटर ६५,५३६ झाला. खालचे दोन बाइट शून्य झाले, तिसऱ्यात १ आला. परतल्यावर चिप वरचे दोन बाइट वाचते आणि जुन्या खालच्या बाइटांना जोडते. हातात येतात १,३१,०७१. असा दोष महिन्यातून एकदा उगवतो आणि टेबलावर कधीच सापडत नाही. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करणं हा त्यावर इलाज. ३२ बिटांच्या चिपवर ते वाचन एका फटक्यात होतं. वाचून, बदलून, पुन्हा लिहिण्याच्या क्रियेला मात्र तिथेही संरक्षण लागतंच.

पण उडी मारण्याआधी दोन गोष्टी माहीत असू द्या. कॉर्टेक्स-एम म्हणजे फक्त गाभा. इंटरप्टची यंत्रणा, सिस-टिक टाइमर, डिबगची वाट हे सगळीकडे सारखं. बाकीचे टाइमर, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग), घड्याळांची जुळणी, फ्लॅश लिहिण्याची पद्धत हे कंपनीगणिक निराळं. 'एकदा आर्म शिकलो की कुणाचीही चिप चालेल' असं होत नाही. तुमच्या सध्याच्या चिपची डेटाशीट तीनेकशे पानांत आटोपते. एसटीएम३२एफ१०३ चं संदर्भपुस्तक हजार पानांच्या वर आहे, आणि डेटाशीट आणि एराटा (चिपमधल्या ज्ञात दोषांची यादी) वेगळ्या. एआव्हीआरमधून येणारा हमखास अडकतो ती जागा सांगून ठेवतो: एखाद्या पेरिफेरलचं (टाइमर, एडीसी अशा चिपमधल्या भागाचं) घड्याळ आधी चालू केलं नाही, तर त्याच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं निमूटपणे हरवतं. चूक कुठेच दिसत नाही, पिन नुसती ढिम्म राहते.

दुसरी गोष्ट तुमच्या जुन्या कोडची. एआव्हीआरवर 'इंट' १६ बिटांचा, आर्मवर ३२ बिटांचा. तुमच्याकडे १६ बिटांच्या अनसाइन्ड काउंटरने वेळ मोजणारा कोड असणारच: आत्ताची वेळ वजा मागची वेळ, १० पेक्षा जास्त असेल तर काम कर. काउंटर फिरून आत्ता ५ वर आलाय आणि मागची वेळ ६५,५३० होती असं धरा. एआव्हीआरवर वजाबाकी १६ बिटांतच होते, उत्तर ११ येतं, काम होतं. आर्मवर तीच ओळ आधी ३२ बिटांच्या साइन्ड संख्येत बदलते, उत्तर येतं उणे ६५,५२५, आणि काम होत नाही. कंपायलर चकार शब्द काढत नाही. वजाबाकीच्या उत्तराला पुन्हा १६ बिटांत बसवलं की दोष जातो, पण त्याआधी तशी प्रत्येक ओळ शोधावी लागते. तुमच्या उपकरणात अशी एक ओळ निसटली तर भोंगा उशिरा वाजेल आणि फ्रिजमधली औषधं वाया जातील. म्हणून भोंगा आणि वेळ यांचा सगळा कोड हाताने, ओळ न् ओळ तपासा.

भागीदाराचा ईएसपी३२. वाय-फाय हवं असेल तर तयार, प्रमाणित मॉड्यूल घ्या, स्वतः अँटेना मांडायला जाऊ नका, हे मी कुणालाही सांगेन. रेडिओच्या चाचण्यांचा मोठा भार मॉड्यूलच्या प्रमाणपत्रावर जातो, अख्ख्या उपकरणाच्या चाचण्या तरीही कराव्या लागतात. पण या उपकरणाचा मुख्य मेंदू म्हणून मी ईएसपी३२ ठेवणार नाही. वाय-फायचं सॉफ्टवेअर ही दुसऱ्याने लिहिलेली, मोठी, सतत सुधारली जाणारी वस्तू आहे. ती राउटरशी झगडत असतानाही भोंगा वाजलाच पाहिजे. नोंद, घड्याळ आणि भोंगा एका साध्या चिपकडे ठेवा, आणि वाय-फाय मॉड्यूल सिरियल पोर्टवर बाजूला लावा. ते अडकलं तर मुख्य चिपने त्याची वीज तोडून पुन्हा द्यावी. वाय-फाय नको असलेल्या ग्राहकासाठी तेवढी जागा बोर्डावर रिकामी सोडता येते. आणि भागीदाराशी आणखी एक बोलून घ्या. नेटवर्कला जोडलेलं उपकरण विकलं की सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढची कित्येक वर्षं पाठवत राहण्याची जबाबदारी येते. दोघांच्या संस्थेला ती पेलणार आहे का, हे मॉड्यूल निवडण्याआधी ठरायला हवं.

रिस्क-फाइव्हबद्दल तरुण सहकाऱ्याचा उत्साह मोडू नका. २०१० साली बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेली ही खुली रचना आता खऱ्या उत्पादनांत आहे. ईएसपी३२-सी३ चा गाभा रिस्क-फाइव्ह आहे. आरपी२३५० मध्ये तर आर्म आणि रिस्क-फाइव्ह असे दोन्ही गाभे आहेत, सुरू होताना कुठला वापरायचा ते ठरवता येतं. पण खुली आहे ती आज्ञांची यादी. चिपमधले टाइमर, एडीसी, रेडिओ, त्यांची कागदपत्रं आणि त्यातले दोष हे त्या-त्या कंपनीचेच राहतात. परवान्याचे पैसे वाचतात ते चिप बनवणाऱ्याचे. तुम्ही सी भाषेत लिहिता, त्यामुळे खाली कुठल्या आज्ञा आहेत हे तुम्हाला क्वचितच जाणवेल. आणि ज्या अतिस्वस्त सीएच३२व्ही००३ बद्दल इतकं बोललं जातं तिची रॅम किती? २ किलोबाइट. तुमच्या आजच्या चिपएवढीच. ती घेऊन तुमचं दुखणं तसंच राहील. त्याला एखादं चाचणीचं जिग किंवा दुय्यम बोर्ड रिस्क-फाइव्हवर करायला द्या, सगळ्यांनाच त्यातून शिकायला मिळेल.

बॅटरीचा मुद्दा पत्रात जेमतेम एका ओळीत आलाय, पण डिझाइनवर सगळ्यात जास्त परिणाम त्याचाच होणार आहे. तीन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले तर ढोबळमानाने २,००० मिलिअँप-तास मिळतात असं धरा. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला की सरासरी २२८ मायक्रोअँप खर्चायची मुभा आहे. दर मिनिटाला २० मिलिसेकंद जागं होऊन १० मिलिअँप घेतले, तर त्याची सरासरी साडेतीन मायक्रोअँपसुद्धा होत नाही. गाढ झोपेत एआव्हीआर काय, कॉर्टेक्स-एम काय, काही मायक्रोअँपवर येतात. म्हणजे चिप कुठलीही घेतली तरी ती मर्यादेच्या कितीतरी आत आहे. मग बॅटरी जाते कुठे? सर्रास वापरला जाणारा १११७ जातीचा रेग्युलेटर काहीही काम नसताना स्वतःच ५ मिलिअँपच्या आसपास खातो. त्या हिशेबाने सेल ४०० तासांत, म्हणजे सतरा दिवसांच्या आत संपले. वीज चालू असल्याचा दिवा २ मिलिअँप घेत असेल तर तो एकटाच सहा आठवड्यांत सेल उतरवेल. एसडी कार्ड नुसतं बसलेलं असतानाही शेकडो मायक्रोअँप ओढू शकतं, म्हणून त्याची वीज मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचने तोडायची सोय हवी. एक नोंद १६ बाइटांची असेल तर ३२ नोंदी जमवून अख्खा सेक्टर एकदम लिहा, कार्ड अर्ध्या तासातून एकदाच जागं होईल. मधल्या नोंदी वीज गेली तरी टिकाव्यात म्हणून एक छोटी एफरॅम चिप लावा. आर्किटेक्चरवर वाद घालण्याआधी ही बेरीज कागदावर मांडलीत तर वर्षभराचं उद्दिष्ट चिप न बदलताही बरंच जवळ येईल.

वेगळं उत्पादन असणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात. मोटर चालवायची असेल तर गाभ्याआधी टाइमर बघा, पूरक पीडब्ल्यूएम आणि डेड टाइमची सोय हार्डवेअरमध्येच हवी. ध्वनी किंवा कंपनांवर गणित असेल तर फ्लोटिंग पॉइंट असलेला कॉर्टेक्स-एम४ किंवा एम३३ घ्या. ब्लूटूथवर बटण-सेलने चालणाऱ्या वस्तूसाठी एनआरएफ५२ सारखी रेडिओसकट घडवलेली चिप. विचित्र वेळापत्रकाचे सिग्नल काढायचे असतील तर आरपी२०४० मधली पीआयओ यंत्रणा सुरेख आहे, पण तिची फ्लॅश बाहेर असते आणि कुणालाही वाचता येते, फर्मवेअर लपवायचं असेल त्यांनी ती टाळावी. दोन रिले आणि चार बटणं एवढाच मामला असेल तर ८ बिट घ्या आणि निवांत राहा. त्या चिप ५ व्होल्टवर चालतात, आत ईईप्रॉम असते, आणि सगळी डेटाशीट एका माणसाच्या डोक्यात मावते.

तुमच्यासाठी माझं मत असं. ही ऑर्डर सध्याच्याच बोर्डावर द्या. संदेश फ्लॅशमध्ये हलवा. डिस्प्लेचं अख्खं चित्र रॅममध्ये न धरता आठ ओळींची एकेक पट्टी काढून पाठवा, १,०२४ च्या जागी १२८ बाइट लागतील. मग स्टॅकची मोजणी पुन्हा करा आणि काही नग महिनाभर अखंड चालवून बघा. एवढं करूनही जागा पुरली नाही, तर एटीमेगा १२८४पी बघा. रॅम १६ किलोबाइट, रजिस्टर बरीचशी ओळखीची, कोड थोड्या बदलांत चालेल. पाय जास्त असल्याने बोर्ड मात्र नवा लागेल, आणि तेवढं काम चार महिन्यांत बसतं.

पुढच्या आवृत्तीसाठी कॉर्टेक्स-एम घ्या. कुठल्या कंपनीचा, ते वर सांगितलेल्या हमीच्या यादीवरून आणि एकाच पॅकेजमध्ये किती भावंडं आहेत त्यावरून ठरवा. कामाला एम०+ पुरेल. तरीही किंमत फार वाढत नसेल तर मी एम४ किंवा एम३३ कडे झुकेन, कारण प्रोग्राम कोसळला की नेमका कशाने कोसळला हे सांगणारी जादा रजिस्टर त्यांच्यात असतात, एम०+ मध्ये नसतात. एम३३ मध्ये तर स्टॅकला हार्डवेअरची सीमा घालता येते, तुमच्या आजच्या दुखण्यावर तो थेट इलाज आहे. कंपनीच्या लायब्ररीच्या हाका कोडभर पसरू देऊ नका. तापमान वाचा, नोंद लिहा, भोंगा वाजवा अशी तुमची स्वतःची मोजकी फंक्शन असू द्या आणि चिपशी बोलणं फक्त त्यांच्या आत ठेवा. उद्या कंपनी बदलावी लागली तर तेवढ्याच फाइली पुन्हा लिहाव्या लागतील. बोर्डावर एसडब्ल्यूडीच्या दोन तारा, रीसेट, वीज आणि ग्राउंड असे पाच टेस्ट पॅड नक्की सोडा. २५० नगांत प्रोग्राम भरायला स्प्रिंगच्या पिनांचं जिग लागेल आणि ते या पॅडवरच टेकेल.

आणि नव्या कामाला हात घालण्याआधी जुन्या बोर्डाच्या फाइली, कंपायलरची आणि प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती आणि फ्यूजची (चिपच्या मूलभूत सेटिंगची) मूल्यं एका जागी नीट लावून ठेवा. विकलेले नग दुरुस्तीला येत राहतील, आणि त्यांच्यात ही जुनीच चिप असणार आहे.